हात वर की हात खाली?

मुलांनो, तुमच्या वर्गात 'शांतता राखा' अशी पाटी आहे का? बहुतेक असेलच. आमच्याही वर्गात होती. होती म्हणते, कारण आता ती नाही. ती का काढली, त्याचीच ही गोष्ट.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका लहानशा गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. गाव कापसाचं आणि तुरीचं. वर्गात मुलं एकोणीस. ती पाटी मी स्वतः रात्री जागून केली होती. थर्माकोलवर निळी अक्षरं कापून चिकटवली, भोवती सोनेरी कागदाची वेल लावली आणि फळ्याच्या वर मधोमध टांगली. वर्गात गलका झाला की मी तोंडानं काही बोलत नसे. हातातली पट्टी नुसती पाटीकडे दाखवायची, की सगळे चिडीचूप!

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. तिला आपण छकुली म्हणू. तिचं खरं नाव छापलेलं तिला आवडणार नाही. छकुली आणि तिचा चुलतभाऊ एकाच वर्गात, एकाच बाकावर बसायचे. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. दिवाळीपर्यंत ही जोडी वर्गात सगळ्यांत बडबडी. दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, तर एक वर्गाच्या या टोकाला आणि एक त्या टोकाला! चौकशी केली तेव्हा कळलं, की त्यांच्या वडिलांचं धुऱ्यावरून वाजलं होतं. दोन शेतांच्या मधल्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात. मोठी माणसं बोलेनात, म्हणून लहानही बोलेनात.

आणि खरं सांगू? मला मनातून बरंच वाटलं. वर्ग कसा शांत झाला होता! पाटीकडे पट्टी दाखवायचीसुद्धा गरज पडत नव्हती. दोन मुलं आतल्या आत कुढत होती आणि मी त्याला 'शिस्त' म्हणत होते.

जानेवारी उजाडला. ३० जानेवारी हा गांधीजींचा स्मृतिदिन. गांधीजींचं सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे हा दिवस आम्हांला घरच्यासारखा. त्या दिवशी शाळेत मुलांच्या पोस्टरांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. विषय होता 'शांती'. मुलांना कागद दिले, रंगपेट्या दिल्या. तासाभरानं कागद गोळा केले आणि मला हसूच आलं. एकोणीसपैकी सतरा कागदांवर एकच पांढरं कबुतर! चोचीत पान आणि खाली पृथ्वीचा गोळा. कुणाचं कबुतर कोंबडीसारखं, तर कुणाचं बदकासारखं, एवढाच काय तो फरक.

मी विचारलं, "अरे, सगळ्यांनी कबुतरच का काढलं?"

एक जण उठून म्हणाला, "मॅडम, मांगच्या वर्षी या चित्राले नंबर भेटला होता नं!"

उत्तर अगदी प्रामाणिक होतं. मागच्या वर्षी तो नंबर मीच दिला होता.

मग मी त्यांना त्या कबुतराची गोष्ट सांगितली. चोचीत पान घेऊन येणारं कबुतर फार जुनं, बायबलमधल्या नोहाच्या नौकेच्या कथेतलं. पण पोस्टरवरचं कबुतर जगभर गाजलं ते १९४९ साली. त्या वर्षी पॅरिसमध्ये जागतिक शांतता परिषद भरली होती. तिच्या पोस्टरसाठी पाब्लो पिकासो या मोठ्या चित्रकाराचं कबुतराचं एक चित्र निवडलं गेलं. त्या पक्ष्याच्या चोचीत पानही नव्हतं. साधं पांढरं, पायांवरसुद्धा पिसं असलेलं कबुतर. त्याच सुमारास पिकासोला मुलगी झाली. तिचं नाव त्यानं ठेवलं पालोमा. स्पॅनिश भाषेत पालोमा म्हणजे कबुतर!

"तर मुलांनो," मी म्हटलं, "हे कबुतर झालं पिकासोचं. तुमची स्वतःची खूण कोणती?"

वर्ग गप्प. मग मीच एक युक्ती काढली. गावकऱ्यांच्या वर्गणीतून शाळेला प्रोजेक्टर मिळाला आहे. खिडक्यांना सतरंज्या बांधल्या, अंधार केला आणि ठरवलं, की मुलांना माहितीपट दाखवायचे. माहितीपट म्हणजे गोष्टीचा सिनेमा नव्हे. त्यात नट-नट्या नसतात. खरी माणसं, खऱ्या जागा, खऱ्या घटना असतात. पहिल्या दिवशी मुलं जरा नाराज झाली. "मॅडम, याच्यात फायटिंग नाही काय?" मी म्हटलं, "आहे ना! पण एकाच बाजूच्या हातात काठ्या आहेत. बघा तर खरं."

तो माहितीपट होता 'महात्मा'. विठ्ठलभाई झवेरी यांनी केलेला, १९६८ सालचा. पूर्ण पाहायचा तर साडेपाच तास लागतात! आम्ही त्यातला दांडीयात्रेचा भाग पाहिला. १२ मार्च १९३० रोजी गांधीजी ७८ सत्याग्रहींना घेऊन साबरमती आश्रमातून निघाले, चोवीस दिवस चालत समुद्रकाठी दांडीला पोचले आणि ६ एप्रिलला चिमूटभर मीठ उचलून त्यांनी इंग्रजांचा मिठाचा कायदा मोडला. पुस्तकात चार ओळींत असलेला हा धडा मुलांनी पहिल्यांदाच चालताना पाहिला.

"मॅडम, हे सारे इतके भरभर काहून चालून राह्यले?" लगेच प्रश्न आला.

प्रश्न छान होता. गांधीजी चालायचे झपझप, हे खरंच. पण दुसरंही कारण आहे. सिनेमा म्हणजे एकामागून एक भराभर दाखवलेली स्थिर चित्रं. त्या काळी कॅमेऱ्यानं सेकंदाला सोळा-अठरा चित्रं घेत. पुढं सेकंदाला चोवीस दाखवायची पद्धत पडली. मग जुनं चित्रीकरण नव्या वेगानं दाखवलं, की माणसं पळाल्यासारखी दिसतात. हे मी फळ्यावर गणित मांडून दाखवलं, तेव्हा एकाला भागाकारसुद्धा पटला!

"पण तवा तं मोबाईल नव्हते. मंग हे शूटिंग भेटलं कुठून?" दुसरा प्रश्न.

त्यालाही एक गोष्ट आहे. ए. के. चेट्टियार नावाचे एक तमिळ पत्रकार होते. गांधीजींचं चित्रीकरण कुणाकुणाकडे आहे, ते शोधत ते देशोदेशी हिंडले. मिळेल तिथून तुकडे जमवले आणि १९४० साली त्यांनी गांधीजींवर माहितीपट तयार केला. अशी माणसं होती, म्हणून आज आपल्याला हे पाहायला मिळतं.

माहितीपट संपल्यावर मी मुलांना पाट्या दिल्या आणि म्हटलं, "गांधीजी काढा. पण जास्तीत जास्त पाच रेषांत!" कुणी गोल चष्मा काढला, कुणी काठी काढली, कुणी चरख्याचं चाक. बघा, एवढा मोठा माणूस, पण दोन गोल आणि एक रेघ काढली तरी लगेच ओळखू येतो! मिठाचंही तसंच. इंग्रज सरकारचा अन्याय समजावून सांगायला मोठं भाषण करावं लागलं असतं. मूठभर मीठ दाखवलं, की ज्याच्या घरात चूल आहे त्याला ते कळत होतं.

थोड्या रेषांत, थोड्या रंगांत, रस्त्यानं जाणाऱ्यालाही समजेल असं काही सांगणं, या कलेला ग्राफिक डिझाइन म्हणतात. पोस्टर, पुस्तकाचं मुखपृष्ठ, दुकानाची पाटी, नोटेवरचं चित्र, सगळं त्यातच येतं. मग मी त्यांना नंदलाल बोस यांचं एक चित्र दाखवलं. हातात काठी घेऊन निघालेले गांधीजी, नुसतं काळं आणि पांढरं. दांडीयात्रेच्या वर्षीच त्यांनी ते केलं. लिनोलियम नावाच्या मऊसर पत्र्यासारख्या वस्तूवर चित्र कोरायचं, वर शाई फिरवायची आणि कागदावर दाबायचं. जे कोरलं ते पांढरं राहतं, जे ठेवलं ते काळं उमटतं. म्हणजे आपला बटाट्याचा ठसाच की! एकदा कोरलं, की कितीही प्रती निघतात.

याच नंदलालबाबूंना गांधीजींनी १९३६ साली खानदेशातल्या फैजपूरला बोलावलं होतं. काँग्रेसचं खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. सजावट खेड्यातल्याच वस्तूंनी करायची, असं गांधीजींचं सांगणं. नंदलालबाबूंनी बांबू आणि तिथं मिळणारं साधं सामान वापरून सगळा परिसर सजवला.

हे ऐकल्यावर मुलांना सेवाग्रामची सहल आठवली. तिथं बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर ताडाची झाडं आणि चरखा उठावानं काढलेला आहे. ते काम मीराबेन यांचं. त्या इंग्रज आरमारातल्या एका मोठ्या अधिकाऱ्याची लेक. सगळं सोडून गांधीजींकडे आल्या आणि आपल्या हातांनी त्यांनी भिंतीच्या मातीतच चित्रं घडवली. ना रंग, ना चौकट. मुलांनी ती भिंत पाहिली होती, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष डब्याकडे होतं!

दुसऱ्या दिवशीचा माहितीपट परदेशातला होता. 'मार्च टू ऑल्डरमॅस्टन', १९५९ सालचा, अर्ध्या तासाचा. त्यातलं निवेदन रिचर्ड बर्टन या प्रसिद्ध नटाच्या आवाजात आहे. पण सगळं इंग्रजी! म्हणून मी आवाज बंद केला आणि मुलांना म्हटलं, "नुसतं बघा आणि काय कळलं ते सांगा."

पडद्यावर माणसंच माणसं चालत होती. म्हातारी, तरुण, बाबागाडीत लेकरं. थंडीत, पावसात. "दांडीयात्राच आहे जणू!" एक जण म्हणाला. खरंच तसंच होतं. १९५८ सालच्या एप्रिलमध्ये, ४ ते ७ तारखांना, ही माणसं लंडनहून ऑल्डरमॅस्टनला चालत गेली. ८० किलोमीटरहून जास्त अंतर. तिथं इंग्लंडची अणुबॉम्बची संशोधनशाळा होती. हिरोशिमा आणि नागासाकीवर १९४५ साली बॉम्ब पडले, तसे पुन्हा कुठंच पडू नयेत, एवढंच त्यांना सांगायचं होतं. ही पदयात्रा काढणाऱ्यांमध्ये गांधीजींच्या विचारानं भारावलेले कितीतरी जण होते.

"मॅडम, त्यांच्या हातात ते गोल गोल काय हाये?"

आवाज बंद असूनही मुलांची नजर बरोब्बर तिथंच गेली होती. काठीला लावलेले पुठ्ठ्याचे गोल. त्यात एक उभी रेघ आणि मधून खाली दोन्हीकडे उतरणाऱ्या दोन तिरप्या रेघा. तुम्हीही ती खूण पाहिली असेल, टी-शर्टवर, दप्तरावर. पुष्कळांना वाटतं, ती कसल्यातरी गाडीची खूण आहे! ती जेराल्ड होल्टम या माणसानं काढली. होल्टम कापडावरची नक्षी तयार करत असे. दुसऱ्या महायुद्धात त्यानं बंदूक धरायला नकार दिला आणि शेतावर काम केलं. या पदयात्रेसाठी त्यानं ही खूण तयार केली.

ती कशी केली, ते फार गमतीचं आहे. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला निरोप द्यायला खलाशी दोन हातांत दोन झेंडे धरतात. हातांच्या प्रत्येक ठेवणीला एक इंग्रजी अक्षर. दोन्ही हात तिरपे खाली, म्हणजे 'एन'. एक हात सरळ वर आणि एक सरळ खाली, म्हणजे 'डी'. 'न्यूक्लिअर डिसआर्मामेंट', म्हणजे अण्वस्त्रं नष्ट करा, यातली ही पहिली दोन अक्षरं. होल्टमनं ती एकावर एक ठेवली, भोवती गोल काढला आणि झाली खूण! यात्रेसाठी असे पाचशे गोल केले. निम्मे पांढऱ्यावर काळे, निम्मे हिरव्यावर पांढरे. पहिले दोन दिवस काळे, पुढचे दोन दिवस हिरवे. हिवाळ्यातून वसंताकडे, मरणाकडून जीवनाकडे, असा त्याचा अर्थ. या खुणेवर कुणाचीही मालकी ठेवलेली नाही. ज्याला काढायची त्यानं खुशाल काढावी.

एरिक ऑस्टेन नावाच्या एकानं या खुणेचे भाजलेल्या मातीचे बिल्ले बनवले. सोबत चिठ्ठी दिली होती, की अणुयुद्ध झालंच, तर माणसानं केलेल्या ज्या थोड्या वस्तू त्या आगीतून वाचतील, त्यांत हा मातीचा बिल्ला असेल. हे मी सांगितलं तेव्हा वर्ग खरोखरच शांत झाला. पण ती पाटीची शांतता नव्हती.

मग काय, मधल्या सुटीत मैदानावर सगळे खलाशी! दोन रुमाल हातात धरून 'एन' आणि 'डी' चालू. गावातल्या कुंभाराकडून माती आणून बिल्ले केले, त्याच्याच भट्टीत भाजून घेतले. आणि पोस्टरं पुन्हा नव्यानं काढायला घेतली.

आता ऐका माझा पराक्रम.

मी बाकांमधून फिरत कागद तपासत होते. छकुलीच्या कागदाशी आले. तिनं गोल काढला होता, उभी रेघही होती, पण तिरप्या रेघा खाली जाण्याऐवजी वर गेल्या होत्या. मला वाटलं, हिचं लक्षच नव्हतं. दोन दिवस घसा कोरडा करून शिकवलं आणि हिनं खूण उलटी काढली! मी लाल पेन काढला, कागदाच्या कोपऱ्यात ही मोठी फुली मारली आणि कागद उंच धरून वर्गाला दाखवला.

"बघा, ही चूक कुणी करू नका. उलटी खूण!"

वर्ग हसला. छकुली मान खाली घालून बसली. तेवढ्यात वर्गाच्या त्या टोकाहून तिचा चुलतभाऊ उठला.

"मॅडम, ते उलटं नाही. तिनं तसंच काढलं हाये."

दिवाळीपासून तीन महिने जो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता, तो तिच्यासाठी उभा राहिला होता. आणि मी काय केलं? मी म्हणाले, "तुला कुणी विचारलं? खाली बस." आणि पट्टी पाटीकडे दाखवली. शांतता राखा!

तो खाली बसला. वर्ग शांत झाला.

त्या रात्री प्रदर्शनासाठी माहितीचा तक्ता लिहायचा होता, म्हणून मी होल्टमबद्दल आणखी वाचत बसले. वाचता वाचता थबकलेच. 'एन' आणि 'डी'चं खरंच, पण होल्टमनं आणखीही एक गोष्ट सांगितली होती. ही खूण काढताना तो फार निराश होता. हात पसरून खाली सोडलेला एक हताश माणूस त्यानं काढला होता. आणि पुढं आयुष्यात त्याला या गोष्टीची खंत वाटू लागली. शांती ही काही निराशेची गोष्ट नाही, आनंदाची आहे, तेव्हा ही खूण उलटी करावी, हात वर जावेत, असं त्याला वाटू लागलं!

गंमत म्हणजे झेंड्यांच्या भाषेत दोन्ही हात तिरपे वर, म्हणजे 'यू'. 'युनिलॅटरल'मधला 'यू'. याचा अर्थ एकतर्फी. म्हणजे दुसरा शस्त्र कधी टाकतो याची वाट बघत बसायचं नाही, आपण आधी टाकायचं.

आणखी एक. आपल्या मनातला माणूस हा गोया या स्पॅनिश चित्रकाराच्या एका चित्रातल्या शेतकऱ्यासारखा आहे, असं होल्टमनं लिहिलं होतं. मी ते चित्र शोधलं. १८१४ सालचं. सैनिकांनी बंदुका रोखल्या आहेत आणि समोर पांढऱ्या सदऱ्यातला शेतकरी. त्याचे हात खाली नाहीतच. चांगले वर पसरलेले आहेत! खूण काढणाऱ्यालाही ते चित्र उलटंच आठवलं होतं. आणि मी एका नऊ वर्षांच्या मुलीच्या कागदावर फुली मारून मोकळी झाले होते.

मला झोप लागली नाही. चूक माहितीची असती तर एवढं वाटलं नसतं. पण मी तिला 'असं का काढलंस?' हे विचारलंच नव्हतं. आणि ज्यानं सांगायचा प्रयत्न केला, त्याला गप्प बसवलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर मी वर्गासमोर उभी राहिले. मुलांची माफी मागणं सोपं नसतं. घसा दाटतो. मी सांगितलं, "काल मी छकुलीला चूक म्हटलं. चूक माझी होती." मग होल्टमची आणि गोयाची सगळी हकिगत सांगितली. आणि मग जे आधीच विचारायला हवं होतं, ते विचारलं. "छकुली, तू हात वर का काढलेस गं?"

बराच वेळ ती बोलेना. मग हळूच म्हणाली, "मॅडम, माझा लहान भाऊ हाये नं, तो रडला का असे हात वर करते. मंग त्याले कोनी बी उचलून घेते. भांडलेलं मानूस बी घेते."

"आमचे बाबा घेतेत!" तिकडून चुलतभाऊ ओरडला. "काकाशी बोलत नाहीत, पन त्याले घेतेत!"

मी पट्टी कुठं ठेवली, ते मला अजून आठवत नाही.

लाल पेनची फुली रबरानं जात नाही. मी छकुलीला नवा कागद देऊ केला, पण तिनं तो घेतला नाही. फुलीच्या चार टोकांना जोडणाऱ्या रेघा काढल्या, खाली शेपटी लावली आणि तिचा पतंग केला. नुकतीच संक्रांत झाली होती ना! तेच पोस्टर प्रदर्शनात लागलं.

३० जानेवारीला सगळं गाव येऊन गेलं. छकुलीचे बाबा सकाळीच शेतावर जाता जाता आले. तिचे काका दुपारी आले. त्या पोस्टरपुढं उभे राहून त्यांनी मला विचारलं, "हे काय हाये मॅडम?" मी म्हटलं, "तिलाच विचारा." छकुलीनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले.

मुलांनो, गोष्टीच्या शेवटी दोघे भाऊ गळ्यात गळा घालतात असं लिहायला मला आवडलं असतं. पण ते खरं झालं नसतं. धुऱ्याचा वाद अजून मिटलेला नाही, मोजणी व्हायची आहे. पण छकुली आणि तिचा चुलतभाऊ पुन्हा एका बाकावर बसतात आणि इतकी बडबड करतात, की डोकं उठतं.

ती पाटी मी काढली. शांतता म्हणजे आवाज नसणं, आणि शांती म्हणजे एकमेकांशी बोलता येणं. या दोन शब्दांत मी इतकी वर्षं गल्लत केली होती. नवी पाटी मुलांनीच केली. मी त्यांना कमल शेडगे यांची गोष्ट सांगितली. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली नावं ते अशी काढायचे, की अक्षर बघूनच नाटक विनोदी की गंभीर ते कळावं! मग मुलांनी दोनच शब्द ठरवले. 'बोला' आणि 'ऐका'. कुठला मोठा काढायचा यावर बरंच भांडण झालं. शेवटी 'बोला' लहान आणि 'ऐका' चांगला हातभर मोठा निघाला. 'ऐका'चा काना त्यांनी कानासारखा वळवला आहे. मी बदल सुचवणार होते, पण पाटी वाचली आणि गप्प बसले.

तर आज एक करा. एका कागदावर गोल काढा, उभी रेघ ओढा आणि दोन हात काढा. वर की खाली, ते तुम्हीच ठरवा. मग ज्याच्याशी तुमची कट्टी आहे, त्याला तो कागद नेऊन दाखवा आणि आधी तुम्हीच बोला. आई-बाबांनो, मुलांनी असा कागद आणलाच, तर लाल पेन हातात घेण्यापूर्वी तेवढं विचाराल ना, की हे असं का काढलंस?